वाचकांचे प्रश्न : ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणण्याआधी

घरच्या एसीविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली ती बहुतेक सगळी आउटडोअरबद्दल. साहजिक आहे. इनडोअर डोळ्यांसमोर असतो, त्याची जाळी आपण अधूनमधून धुतो. आउटडोअर गच्चीवर नाहीतर भिंतीबाहेरच्या ब्रॅकेटवर उन्हापावसात बसलेला असतो, आणि तो बंद पडला की मोठं बिल तिथूनच येतं. मी नागपुरात आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवला, आता स्वतःचं वर्कशॉप चालवतो. खाली जी मोजमापं सांगितली आहेत ती तुमच्या मेकॅनिककडून, तुमच्यासमोर करून घ्या. झाकण स्वतः उघडू नका. का, ते उत्तरांत येईलच.

प्रश्न : आमचा दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी सात वर्षांचा आहे. आउटडोअरचा पंखा फिरतो, पण आतून काही सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, मग ‘टक’ होऊन थांबतो. अर्ध्या तासानं पुन्हा तसंच. मेकॅनिकनं बाहेरूनच ऐकून कॉम्प्रेसर जॅम झाल्याचं सांगितलं आणि नवा टाकायला लागेल म्हणाला. टाकावा का?
– एक वाचक, अकोला

एवढ्यात हो म्हणू नका. ही लक्षणं जॅम कॉम्प्रेसरची असू शकतात, पण पहिला संशय कपॅसिटरवर घ्यायचा असतो, आणि ऐकून नाही, मोजून.

घरात सिंगल फेज येतो. सिंगल फेजवर मोटर आपणहून फिरायला लागत नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या मोटरला दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. स्टार्टिंगच्या वाटेत कपॅसिटर असतो. तो त्या वाइंडिंगमधल्या करंटची वेळ पुढे सरकवतो, आणि दोन वाइंडिंगच्या या वेळेच्या फरकातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यामागे रोटर धावतो. कपॅसिटर कमजोर झाला की हा फरक उरत नाही, रोटर जागचा हलत नाही. दीड टनाचा कॉम्प्रेसर चालू असताना सात-आठ अँपिअर घेतो. अडकलेल्या अवस्थेत तोच तीस-चाळीस खेचतो. तुम्हाला ऐकू येतो तो ‘घूं’ या करंटचा आहे. ‘टक’ वाजतं ते ओव्हरलोडचं : दोन धातूंची चकती तापून उलटी वाकते आणि सप्लाय तोडते. कॉम्प्रेसर निवला की चकती पुन्हा जागेवर येते आणि हेच चक्र परत सुरू होतं. पंख्याचा कपॅसिटर वेगळा, दोन ते चार मायक्रोफॅरडचा, म्हणून पंखा मजेत फिरत राहतो.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. ‘बघू, चालतोय का’ म्हणून रोज चालू करणं आजच थांबवा, एमसीबी पाडून ठेवा. दर खेपेला त्या तीस-चाळीस अँपिअरनं वाइंडिंगवरचं इनॅमल भाजतं. कपॅसिटरच्या दोषापायी चांगला कॉम्प्रेसर खरोखर जळतो तो असा.

मेकॅनिक आला की त्याला कॉम्प्रेसरच्या कपॅसिटरची तार सोडवून, तो डिस्चार्ज करून, कपॅसिटन्स मीटरवर लावायला सांगा. डब्यावर ४५ मायक्रोफॅरड आणि अधिक-उणे ५ टक्के छापलेलं असेल, तर आकडा ४२.७५ ते ४७.२५ यांच्यामध्ये हवा. ३५ आला तर तो बदलायचाच. डब्याचा माथा फुगलेला असेल तर मोजायचीही गरज नाही : आतला दाब वाढला की डबा ताणून जोडणी तुटावी, अशी सोयच त्यात केलेली असते. मात्र सपाट माथ्याचा कपॅसिटर चांगलाच असतो, असं नाही. कमजोर झालेले बरेचसे बाहेरून नव्यासारखे दिसतात.

तो डबा हातात आलाच आहे तर त्यावरचं बारीक लिखाणही वाचा. २५/७०/२१ असे तीन आकडे दिसतील. पहिला म्हणजे उणे २५ अंश, सगळ्यात कमी तापमान. मधला ७० किंवा ८५, म्हणजे कपॅसिटरला सोसेल ते सगळ्यात जास्त तापमान. शेवटचा दमट हवेच्या चाचणीचे दिवस. शेजारी ए, बी, सी किंवा डी असं अक्षर असतं : ए म्हणजे ३०,००० तास, बी १०,०००, सी ३,०००, डी १,०००. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या आत काय तापत असेल त्याचा विचार करा आणि ८५चा, बी वर्गाचा कपॅसिटर मागा. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणेल. सारखे नसतात. आत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर. कुठे स्पार्क झाला की तेवढाच धातू उडून जातो आणि कपॅसिटर स्वतःला सावरून घेतो. पण असं सावरताना दर वेळी थोडी कपॅसिटी जाते, आणि उष्णता वाढली की हे भराभर होतं.

४५च्या जागी ‘जोर वाढेल’ म्हणून ६० लावू देऊ नका. जास्तीच्या मायक्रोफॅरडनं स्टार्टिंग वाइंडिंगमधून कायम जास्त करंट वाहतो आणि ती तापते. व्होल्टेजचा आकडाही ४४० पेक्षा कमी चालणार नाही. घरात २३० व्होल्ट असले तरी चालत्या कॉम्प्रेसरच्या कपॅसिटरवर पावणेचारशेच्या आसपास व्होल्ट उभे असतात.

माझ्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलांसाठी कापून ठेवलेला एक रोटरी कॉम्प्रेसर आहे. ‘जळाला’ म्हणून भंगारात निघालेला तो मी मुद्दाम मागून आणला होता. ग्राइंडरनं वरची टोपी उडवली तर आतली वाइंडिंग मधासारखी चकचकीत, तेल स्वच्छ, खाली रोलर बोटानं फिरत होता, त्याला टेकलेलं पातं स्प्रिंगवर सहज मागेपुढे होत होतं. बिघाड सगळा बाहेर होता : ‘सी’ (कॉमन) टर्मिनलवरचं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची पकड, सैल, त्याखालची तार काळी पडून ठिसूळ झालेली, आणि टर्मिनलच्या काचेभोवती जळल्याचा डाग. नवं थिंबल पिळून बसवलं असतं तर तो कॉम्प्रेसर आजही कुणाच्या तरी घरी चालला असता. त्या घरानं मात्र नव्याचे पैसे भरले. मला याचा फार राग येतो, म्हणून इतकं लांबण लावतोय.

क्रम असा ठेवा : आउटडोअरच्या टर्मिनलवर व्होल्टेज, मग थिंबलं आणि जोड, मग कपॅसिटर, मग वाइंडिंगचा रेझिस्टन्स, मग मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावून वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन. हे सगळं ठीक असून नव्या कपॅसिटरवरही तो तीस-चाळीस अँपिअर घेऊन थांबला, तरच ‘जॅम’ या शब्दावर विश्वास ठेवा.

प्रश्न : सर, मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमध्ये २.१, ३.४ आणि ५.५ ओहम आले. सी, एस, आर कसे ठरवायचे? आणि इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही जोड्यांत सारखंच रीडिंग आलं, तो शॉर्ट आहे का?
– एक विद्यार्थी, जालना

शाब्बास, मोजलंस आणि लिहून ठेवलंस. सगळ्यात मोठं रीडिंग ज्या दोन पिनांत येतं, त्यात नसलेली तिसरी पिन ‘सी’, म्हणजे कॉमन. तिथून कमी ओहमची ती ‘आर’, जास्त ओहमची ती ‘एस’. रनिंगची तार जाड म्हणून तिचा रेझिस्टन्स कमी. तुझ्या रीडिंगमध्ये २.१ अधिक ३.४ बरोबर ५.५, बेरीज जुळते, वाइंडिंग ठीक आहे. मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी बघत जा, इतक्या कमी ओहमला तोही मोजला जातो.

इन्व्हर्टरचा शॉर्ट नाही. ती तीन फेजची मोटर आहे, रोटरवर कायमचे चुंबक असतात, पिनांना यू, व्ही, डब्ल्यू म्हणतात आणि तिन्ही रीडिंग सारखीच यायला हवीत. एखादं वेगळं आलं तर काळजी. तिला रन कपॅसिटरही नसतो. आणि तिच्यावर २३० व्होल्ट थेट लावून ‘चालतो का’ बघायचं नाही, कधीच नाही.

दोन गोष्टी मनावर कोरून ठेव. ‘सी’पासून दोन्हीकडे ओपन (वाट तुटलेली) आणि एस-आर बरोबर आलं, तर ओव्हरलोड आतमध्ये असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये तो फक्त उघडलेला असू शकतो. बॉडीला हात लावून बघ. गरम असेल तर निवू दे, तास-दोन तास लागले तरी चालतील, मग पुन्हा मोज. दुसरी गोष्ट, टर्मिनलवरची टोपी काढलेली असताना कॉम्प्रेसरला सप्लाय द्यायचा नाही. आत बॉडीला शॉर्ट असेल तर पिन उडून तिच्यामागून दाबाखालचं गरम तेल आणि गॅस बाहेर येतो, आणि तो पेट घेऊ शकतो. त्या वेळी तुझं तोंड तिथे समोर असतं. उस्ताद म्हणाला तरी ऐकू नकोस.

प्रश्न : संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १८०च्या खाली जातं. एसी सुरू होताना दिवे मंदावतात आणि कधी कधी तो सुरूच होत नाही. आउटडोअर गच्चीवर, मेन बोर्डापासून लांब आहे. स्टॅबिलायझर पुरेसा होईल का?
– एक वाचिका, सोलापूर जिल्हा

ताई, मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात कमी होते. २३०च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज पाव हिश्श्याहूनही कमी घटलं, पण ताकद उरली जेमतेम ६१ टक्के. म्हणून दिवे नुसते मंद होतात आणि कॉम्प्रेसर मात्र उठतच नाही.

स्टॅबिलायझर हवाच, दीड टनाला ४ केव्हीएचा. पण त्याआधी वायर बघा. तुमच्या पत्रातली कळीची ओळ आहे ‘बोर्डापासून लांब’. समजा अंतर २० मीटर आहे. सुरू होताना ३५ अँपिअर गेले, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्येच साधारण १७ व्होल्ट खर्च होतात. चारच्या वायरमध्ये साडेसहा. बोर्डावर आधीच १८० असताना वाटेत १७ गमावणं परवडत नाही. पंख्यादिव्यांच्या लाइनवरून एसी काढलेला असेल तर बोर्डापासून आउटडोअरपर्यंत वेगळी ४ चौरस मिलिमीटरची लाइन टाकून घ्या, वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग यांसह. वाटेत टेप गुंडाळलेला जोड असेल तर तो काढून टाका. तो जोड हीटरसारखा तापतो.

स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो तेव्हा त्याच प्रमाणात लाइनमधून जास्त करंट ओढतो, म्हणून पातळ वायरीवर तो लावला तर वायर आणखी तापते. आधी वायर, मग स्टॅबिलायझर. तो टाइम डिलेवाला घ्या. कॉम्प्रेसर थांबल्यावर डिस्चार्ज (गॅस बाहेर टाकणाऱ्या) आणि सक्शन (गॅस ओढणाऱ्या) बाजूंचे दाब कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून समान व्हायला साधारण तीन मिनिटं लागतात. वीज गेली आणि दहा सेकंदांत आली, तर कॉम्प्रेसरला त्या दाबाविरुद्ध उठावं लागतं. कमी व्होल्टेजवर ते त्याला जमत नाही.

वीज कंपनीकडे लेखी तक्रारही करा, गल्लीतल्या चार घरांच्या सह्या घेऊन. ट्रान्सफॉर्मरवरचा लोड ही एकट्या घराची अडचण नाही. नवा एसी घ्यायची वेळ आली तर इन्व्हर्टरचा घ्या. तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा झटका नसतोच. किती व्होल्टपासून चालेल तो आकडा त्याच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तो बघूनच पैसे द्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी इन्व्हर्टर एसी घेतला. आउटडोअरचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) एकदा पाल शिरून जळाला, आता दुसरा हिरवट पडून बंद झाला. समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर. काय करावं?
– एक वाचिका, रत्नागिरी

दोन्ही कारणं खरी आहेत, मेकॅनिक बनवत नाहीये. पालीला ऊब आणि किडे हवे असतात, पीसीबीच्या पेटीत दोन्ही मिळतं. तिथे घरातले २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात, काही मॉडेलमध्ये त्याहून जास्त. पालीचं ओलं अंग दोन ट्रॅकांवर टेकलं की पुरतं. केबल आणि पाइप आत शिरतात ती भोकं पुट्टीनं बुजवून घ्या, पेटीला फट असेल तर बारीक स्टीलची जाळी. पण पीसीबीमागच्या ॲल्युमिनियमच्या पंख्यांसारख्या हीटसिंकची हवेची वाट मोकळीच राहू द्या, नाहीतर पॉवर मॉड्यूल तापून बंद पडेल.

हिरवट थर म्हणजे खाऱ्या हवेनं तांबं खाल्लेलं. नवा बोर्ड बसवताना त्यावर कॉन्फॉर्मल कोटिंग आहे ना, हे विचारा. पारदर्शक वार्निशसारखा थर दिसतो. आउटडोअर समुद्राकडच्या भिंतीवर असेल तर तो घराच्या दुसऱ्या बाजूला हलवणं हा खरा उपाय आहे. पाइप लांबेल, खर्च होईल, पण दर दोन वर्षांनी बोर्ड घेण्यापेक्षा स्वस्त पडेल. कॉइलवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून मीठ धुवून काढत जा, वीज बंद ठेवून आणि पेटीकडे पाणी न उडवता.

तुमच्याकडे घरातलं कुणी झाकण उघडून पाल काढायचं म्हणत असेल तर त्यांना थांबवा. एमसीबी पाडल्यावरही त्या बोर्डवरच्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज काही मिनिटं शिल्लक राहतो. मेकॅनिकनंही आधी थांबायचं, मग मीटरनं डीसी शून्य झालं का बघायचं आणि मगच बोट लावायचं.

कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. पीसीबीची किती, ते कार्डावर वेगळं शोधावं लागतं. तुमचं कार्ड काढून बघा.

प्रश्न : मुलाकडे ह्युस्टनला उन्हाळाभर राहायला आलोय. साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. इथल्या सेंट्रल एसीचा आउटडोअर मागच्या अंगणात आहे. परवा तो बंद पडला, माणूस आला, कॉन्टॅक्टर आणि कपॅसिटर बदलून गेला. कॉन्टॅक्टरमध्ये मेलेल्या मुंग्यांचा ढीग होता! इथली रचना समजून घ्यायची आहे. मुलगा म्हणतो, बाबा हात लावू नका.
– एक वाचक, मूळ सांगली

काका, तुमच्या पत्रानं फार आनंद झाला. मुलाचं ऐका, पण रचना जरूर समजून घ्या.

आपल्याकडे लहान स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसरला सप्लाय बहुधा इनडोअरच्या पीसीबीवरच्या रिलेतून जातो. तिकडच्या सेंट्रल यंत्रणेत आउटडोअरमध्येच कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलनं मिटणारा स्विच, असतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तुम्ही हाताळलेत त्याच जातीचा, फक्त लहान. त्याची कॉइल २४ व्होल्टची. थर्मोस्टॅटनं थंडावा मागितला की आतल्या ट्रान्सफॉर्मरकडून ते २४ व्होल्ट येतात, कॉन्टॅक्ट मिटतात आणि कॉम्प्रेसर व पंखा दोघांना २४० मिळतात. कपॅसिटर दोघांचा मिळून एकच असतो : तीन टर्मिनलं, एक कॉमन, एक कॉम्प्रेसरचं, एक पंख्याचं, वर ४५+५ असं लिहिलेलं. त्यातला ५चा भाग गेला तर कॉम्प्रेसर चालतो आणि पंखा थांबतो, थोड्या वेळानं दाब वाढून सगळंच बंद. चालू यंत्रावर कपॅसिटर तपासायचं गणित तुम्हाला आवडेल : कपॅसिटरमधून जाणारे अँपिअर गुणिले ३१८३, भागिले कपॅसिटरवरचे व्होल्ट, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये. हे आपल्या ५० हर्ट्झचं. तिकडे ६० हर्ट्झ, म्हणून ३१८३च्या जागी २६५३.

मुंग्यांचं खरं आहे. एखादी मुंगी कॉन्टॅक्टमध्ये सापडून शॉक लागून मेली की तिच्या अंगातून धोक्याचा गंध सुटतो, त्यानं इतर धावून येतात आणि त्याही मरतात. ढीग साचला की कॉन्टॅक्ट मिटत नाहीत. ह्युस्टनच्या परिसरात २००२ पासून एका परदेशी मुंगीनं असा फार उच्छाद मांडला आहे. मुंग्यांचा बंदोबस्त युनिटच्या भोवतालच्या जमिनीवर करायचा, कॉन्टॅक्टरवर फवारा मारून नाही. कॉन्टॅक्ट काळे पडले म्हणून पॉलिश पेपरनं घासायचेही नाहीत, वरचा चांदीमिश्रित थर निघून जातो.

आणि ज्यासाठी मुलाला घाबरायला हवं ते हे : तिथले बरेच कॉन्टॅक्टर एकाच पोलचे असतात. २४० म्हणजे तिथे १२०-१२०च्या दोन जिवंत तारा. कॉन्टॅक्टर एकच तोडतो, दुसरी पट्टीवरून सरळ पुढे जाते. यंत्र थांबलेलं, शांत, आणि कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर तरीही जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट. कारखान्यात तीन पोल एकदम तुटायची सवय झालेल्या माणसाला हे ध्यानात येत नाही. युनिटशेजारी भिंतीवर डिस्कनेक्टची पेटी आहे, तिच्यातला ठोकळा ओढून काढल्याशिवाय कुणीही पॅनेल खोलू नये.

प्रश्न : दुपारी दोन ते पाच एसी थंड करत नाही किंवा बंद पडतो, रात्री उत्तम चालतो. दर उन्हाळ्यात मेकॅनिक थोडा गॅस भरून जातो. तरी तेच.
– एक वाचक, चंद्रपूर

गॅस भरणं बंद करा. गॅस कमी असता तर रात्रीही थंडावा कमी असता.

एसीची टनाची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. तुमच्याकडे मेमध्ये ४५च्या वर पारा जातो आणि गच्चीच्या फरशीजवळ आणखी. आउटडोअरच्या कॉइलला उष्णता बाहेर टाकायची तर तिला हवेपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापावं लागतं. आर-३२ गॅस ६० अंशाला पोचला की दाब ३९ बारच्या आसपास जातो. कॉम्प्रेसर त्या दाबाविरुद्ध जास्त अँपिअर घेतो आणि ओव्हरलोड सुटतो; इन्व्हर्टर असेल तर स्वतःच वेग उतरवतो. त्यात दरवर्षी ‘थोडा’ गॅस वाढवला की दाब अजून चढतो. नेमप्लेटवर गॅसचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. गळती तपासून, सगळा काढून, काट्यावर तोलून तेवढाच भरायला सांगा.

मग कॉइल. कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीचा थर पत्र्यांमध्ये आतून बसतो, बाहेरून दिसत नाही; टॉर्च मागून मारली तर उजेड पलीकडे यायला हवा. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मोजून घ्या. तो दीडवर आला असेल तर पंखा फिरताना दिसतो, पण हवा पुरेशी ओढत नाही. सावलीसाठी हिरवी जाळी वर बांधा, युनिटपासून हातभर उंच आणि चारी बाजू मोकळ्या. पत्र्याची पेटी करून आत कोंडू नका, गरम हवा तिथेच घुमत राहते.

प्रश्न : आमचा कॉम्प्रेसर खरोखरच जळाला, मेगरवर बॉडीला शॉर्ट दाखवला. नऊ वर्षं जुना, आर-२२ गॅसचा. बदलताना काय बघावं?
– एक वाचक, ठाणे

तपासून ठरवलंत, मग ठीक. वाइंडिंग जळते तेव्हा तेल आणि गॅस मिळून ॲसिड होतं आणि ते सगळ्या पाइपात पसरतं. जुनं तेल काळं आणि झोंबणाऱ्या वासाचं निघेल. तसं असेल तर पाइप आणि कॉइल फ्लश करणं, नवा फिल्टर ड्रायर (पाइपातला ओलावा आणि कचरा अडवणारा) घालणं, नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासणं आणि पंपानं ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम घेणं (आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), हे चारही व्हायला हवं. नुसता कॉम्प्रेसर ब्रेझिंग करून गॅस मारला तर उरलेलं ॲसिड नव्या वाइंडिंगला खातं. नव्याबरोबर कपॅसिटर आणि ओव्हरलोड नवेच, आणि जुना का जळाला ते कारण बिलावर लिहून घ्या.

तरी तुमच्या बाबतीत मी जुन्यावर हा खर्च करणार नाही. आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्यानं बंद होत आहे. आर-३२चा कॉम्प्रेसर त्याच कॉइलवर बसवून देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा : दाब दीडपटीहून जास्त, तेल वेगळ्या जातीचं, आणि गॅस थोडासा का होईना ज्वलनशील. नवा एसी घ्या. जुना पाइप तसाच भिंतीत ठेवून नवा जोडायचा विचार असेल तर तोही सोडा. त्यात ॲसिडचं तेल आहे, नवीन तांब्याचा पाइप टाकून घ्या.